एकाच खोक्यातली जोडी

शालिग्राम भोयर माणूस सोन्यासारखा, पण त्यांच्याबरोबर खरेदीला जाऊ नये. मी एकदा गेले आणि कानाला खडा लावला. घ्यायचे होते दोन बल्ब. यांनी दुकानदाराकडून सहा बल्ब लावून पाहिले, प्रत्येकाला कानाशी धरून हलवलं आणि शेवटी म्हणाले, "चलो, उद्या येतो." मी म्हटलं, "अहो, बल्ब आहे, जावई नाही." त्यावर ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "ताई, जावई बिघडला तर भांडता येते. बल्बाशी काय भांडता?"

आम्ही दोघं जबलपूरच्या टेलिफोन एक्सचेंजमधले. मी ऑपरेटर, ते मेकॅनिक. माझं घराणं नागपूरकर भोसल्यांच्या चाकरीत इकडे आलं आणि इथलंच झालं. ते मूळचे अमरावतीकडचे, त्यांचे वडील बैलबाजारात दलाली करायचे. बैलाचे दात, खूर, चाल पाहून किंमत सांगणाऱ्या माणसाचा हा मुलगा. पुढे त्याच नजरेनं टेलिफोनची यंत्रं पाहायचा आणि रिटायर झाल्यावर कॉम्प्युटर.

रिटायर झाल्यावर आम्ही पाच-सहा जणांनी एक रक्तदाता मंडळ चालवायला घेतलं. कचेरी म्हणजे मदन महल भागात शालिग्रामभाऊंच्या घराची पुढची खोली. वरवर पाहता काम सोपं होतं. रक्त लागलं की दात्याला फोन करायचा, आणि फोन करणं हे तर माझं आयुष्यभराचं काम. पण आमच्याकडे सिकल सेल या रक्ताच्या आजाराची मुलं यायची. त्यांना लहानपणापासून सारखं रक्त चढवावं लागतं, आणि काहींच्या शरीरात पुढे पुढे असा काही विरोध तयार होतो की गट जुळला तरी रक्त जुळत नाही. कुणाचं चालतं, कुणाच्या बाटलीनं थंडी वाजून ताप भरतो. कुणाचं रक्त कुणाला चाललं, हे आम्ही वहीत लिहून ठेवायला लागलो. मुलामागे एक पान, पानावर दात्यांची नावं, पत्ता, फोन, आणि पुढे 'चाललं' किंवा 'नाही'. अशी बेचाळीस मुलं होती. ती नोंद दुसऱ्या कुणाकडेच नव्हती. रक्तपेढ्या चिठ्ठी फाडतात आणि विसरतात.

या वह्या कॉम्प्युटरवर घ्यायच्या हे शालिग्रामभाऊंनी ठरवलं. कुठल्याशा मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून ते लिनक्स नावाची कॉम्प्युटर चालवायची प्रणाली शिकले होते. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, कुणी शिकवणारं नसताना. "याचं झाकण उघडं आहे ताई. आत काय चालून राहिलं ते दिसते," एवढंच त्यांनी मला कारण सांगितलं. मला त्यात काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं सोडून काहीच दिसलं नाही, पण मी फोन लावायच्या आधी नाव टाकलं की यादी समोर यायची, हे खरं.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात त्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क एका दुपारी गेली. तीन महिन्यांच्या नोंदी गेल्या. वह्या होत्या म्हणून मी त्या परत भरल्या, पण भरताना माझ्या तोंडाचा पट्टा चालूच होता. शालिग्रामभाऊंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता असं घेतो की परत बोलायची वेळ येणार नाही तुम्हाला."

मग सुरू झाली ती निवड. असं स्थळ मी माझ्या भाचीसाठीही पाहिलं नाही.

श्यामसुंदरजींचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. मागे दुरुस्तीचं टेबल. शालिग्रामभाऊ तिथे रोज सकाळी स्टूल टाकून बसायला लागले. सबंध श्रावण बसले. विकायला ठेवलेल्या नव्या डिस्क त्यांनी पाहिल्याच नाहीत. बिघडून परत येणाऱ्या डिस्क पाहिल्या. कुठल्या कंपनीची, किती महिन्यांत आली, कशानं गेली, आवाज करत होती की मुकी, हे सगळं एका पाठकोऱ्या वहीत. श्यामसुंदरजी वैतागून म्हणाले, "चाचाजी, आप डिस्क लेने आए हैं कि तेरहवीं करने?" हे म्हणाले, "भैया, बाजारात चांगला बैल सगळेच दाखवतात. लंगडा कोणाच्या गोठ्यातून आला ते पाहावं लागते."

एका महिन्याच्या मर्तिकांवरून त्यांनी कंपनी ठरवली. दोन डिस्क घ्यायच्या हे आधीच ठरलं होतं. लिनक्स एकच नोंद दोन्हीवर एकदम लिहिणार. एक गेली तर दुसरी आहेच.

आता दोन्ही डिस्क एकाच तारेवर लावल्या तर एक मरताना दुसरीलाही अडवते म्हणे. म्हणून दोघींना वेगवेगळी तार देणारं एक कार्ड हवं. त्या कार्डासाठी शालिग्रामभाऊ आपला कॉम्प्युटर सायकलरिक्षात घालून दुकानात घेऊन गेले. मांडीवर धरून, नातवाला धरावं तसा. मीही होते, कारण मंडळाच्या वतीनं कुणीतरी हवं होतं.

पहिल्या कार्डाच्या खोक्यावर लिनक्स चालतं असं छापलेलं होतं. लावलं, चाललं नाही. "खोक्यावर काय, काही बी छापता येते," असं म्हणून यांनी ते परत केलं. दुसरं कार्ड मोठं देखणं होतं. श्यामसुंदरजी म्हणाले, यात सगळं आहे. दोन डिस्कवर लिहायचं कामही हे कार्डच करतं, लिनक्सला काही करावं लागत नाही.

"और कल को ये कार्डच जल गया तो?" शालिग्रामभाऊंनी विचारलं.

"तो यही कार्ड दूसरा ले लेना."

"और कंपनीने बनाना बंद कर दिया तो? हमारी डिस्क कौन पढ़ेगा?"

श्यामसुंदरजींनी चहा मागवला. तिसरं कार्ड खालच्या खणातून निघालं. साधं, हिरवं, ना खोकं ना सीडी. लावून कॉम्प्युटर चालू केला. काळ्या पडद्यावरून अक्षरं सरकली आणि शालिग्रामभाऊंनी बोट ठेवलं. "ओळखलं. यानं आपल्याआप ओळखलं." माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, कार्डानं रस्ता द्यावा. मधात शहाणपण करू नये. आता यातली कोणतीही डिस्क काढा, कोणत्याही लिनक्सवर लावा, वाचता येईन." तेव्हा मला ते फक्त कौतुकाचं बोलणं वाटलं.

इथवर सगळं शहाण्यासारखं झालं. चूक पुढे झाली, आणि ती पढतमूर्खानंच करावी अशी होती.

ठरवलेल्या डिस्क श्यामसुंदरजींकडे दोन होत्या. पण एक जुन्या मालातली, एक नव्या. वेगवेगळ्या खोक्यांतून आलेल्या. शालिग्रामभाऊंनी दोन्ही उलटसुलट केल्या आणि मान हलवली. "जोड नाही जमत." वडिलांचा नियम होता, जोडी घ्यायची तर एकाच गोठ्यातली घ्यावी. एका वयाची, एका चाऱ्यावर वाढलेली. चाल जुळते, एक दुसऱ्याला ओढत नाही. ते तीन आठवडे थांबले. दसऱ्याच्या आठ दिवस आधी नवा माल आला आणि एकाच खोक्यातल्या, एकापुढे एक नंबर असलेल्या दोन डिस्क घेऊन ते थेट माझ्या घरी आले. चष्मा कपाळावर चढवून मला नंबर दाखवले. एकाच्या शेवटी सतरा, दुसऱ्याच्या अठरा. "पाहा. सख्ख्या भावंडासारखी आहे," म्हणाले.

मलाही ते बरोबरच वाटलं. खोटं कशाला बोलू. आपल्याकडे बांगड्या, समया, पाट, काहीही घेताना आपण जोड पाहतोच.

दसऱ्याला मंडळाच्या खोलीत पूजा केली. मी डिस्कना हळदकुंकू लावायला गेले तर ओरडले, "त्या भोकावर नका लावू! ते श्वास घेते त्यातून!" डिस्कला खरंच एक बारीकसं भोक होतं, आणि ते झाकू नये असं तिच्यावर लिहिलेलं होतं. मी कुंकू कडेला लावलं. डाव्या बाजूला सतरा, उजव्या बाजूला अठरा. त्यांची नावंच पडली, डावा आणि उजवा.

त्या डिस्कवर याद्यांखेरीज आणखी एक गोष्ट होती. शालिग्रामभाऊंची बायको पुष्पा दोन वर्षांपूर्वी गेली होती. तिच्या माहेरची भुलाबाईची गाणी तिला पाठ होती. नातींना कधीतरी लागतील म्हणून तिनं ती कॅसेटवर म्हणून ठेवली होती. तिच्यामागे त्या कॅसेटना बुरशी लागली. यांनी फीत कापसानं पुसून, एकेक गाणं एकेकदाच वाजवून कॉम्प्युटरवर घेतलं. वाजवतानाच फीत तुटत होती. अकरा गाणी मिळाली. एक त्यांनी मला ऐकवलं होतं. पुष्पा गाताना मधेच थांबून म्हणते, "थांबा हो, कुकर," आणि शिटी होते, आणि मग ती हसत पुढची ओळ उचलते. मी रडले. ते नाही रडले. त्यांनी फक्त आवाज थोडा वाढवला.

पुढच्या पावसाळ्यात वह्यांच्या कपाटाला वाळवी लागली. सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर आलेल्याच होत्या. वह्यांचं काय करायचं? कुणी म्हणालं रद्दीत द्या. माझा पारा चढला. रक्त देणाऱ्यांच्या नावांत कुणी भजी बांधून द्यायची? मी म्हटलं, नर्मदेत सोडू. घरातल्या जुन्या पोथ्या आपण सोडतोच की. ग्वारीघाटावर नाव केली, फुलं वाहिली, आणि मी माझ्या हातानं सगळ्या वह्या पाण्यात सोडल्या. नावाड्यानंही नमस्कार केला. फार पवित्र वाटलं मला. आज तो प्रसंग आठवला की मी स्वतःला जे शब्द म्हणते ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

आता दोन हजार सहाचा मे महिना.

गुरुवारी दुपारी वीज गेली आणि तासाभरानं आली ती झटका देत आली. डावा गेला. खोलीत जळका वास आला, डिस्क फिरेचना. शालिग्रामभाऊ मुळीच घाबरले नाहीत. "उजवा आहे न," म्हणाले. श्यामसुंदरजींकडे नवी डिस्क सांगितली, ती बुधवारी येणार होती. मी म्हटलं, "तोवर याद्या सीडीवर तरी घ्या." तर म्हणाले, "काहून घाई करता? नवा आला की उजवा आपल्याआप सगळं त्याला देते. त्याच्यासाठीच तर जोडी घेतली." मी गप्प बसले. जन्मात गप्प बसत नाही ती नेमकी तेव्हा बसले.

मंगळवारी सकाळी दहाला मझौलीहून विठोबा आले. मझौलीच्या बाजारात त्यांचं तेलाचं दुकान. त्यांची इंदू आमच्या बेचाळिसांतली. सोळा वर्षांची होती तेव्हापासून तिला आम्ही रक्त देत आलो, आता चोविसाची. पहिलं बाळंतपण. विठोबांनी पायरीवर चपला काढल्या आणि उभ्यानंच बोलले.

"डॉक्टरीणबाई म्हणून राहिल्या, उद्या सकाळी पोट चिरून मूल काढा लागते. रक्त अगदी कमी झालं तिचं. दोन बाटल्या आज संध्याकाळपर्यंत पायजे. रक्तपेढीनं नऊ बाटल्या लावून पाह्यल्या ताई, एक बी जुळली नाही."

"जुळणारे आहेत," मी म्हटलं. "आपल्याकडे आहेत इंदूचे. बसा तुम्ही."

शालिग्रामभाऊंनी कॉम्प्युटरवर इंदूचं नाव टाकलं. पडदा तसाच थांबला. मग आवाज आला. टक. टक. टक. टक. लाकडावर नखानं टिचकी मारावी असा. मी त्यांच्याकडे पाहिलं. एक महिना मेलेल्या डिस्कशेजारी बसलेला माणूस तो, त्यांना तो आवाज पुरता ओळखीचा होता. कपाळावरून घाम निघून मिशीत उतरला तरी त्यांनी पुसला नाही.

"काय झालं?" विठोबांनी विचारलं.

"उजवा पण गेला," शालिग्रामभाऊ म्हणाले.

मी विठोबांना विचारलं, मागच्या वेळी कुणी कुणी दिलं होतं, आठवतं का? ते म्हणाले, एक उंच सरदारजी होते. एक रेल्वेतल्या कोणी बाई. एकानं पेढे आणले होते. नावं त्यांना कुठून ठाऊक असणार? ठाऊक असायला हवी होती मला. एक्सचेंजमध्ये शेकडो नंबर माझ्या जिभेवर होते. पण यादी समोर यायला लागली आणि माझं डोकं मोकळं झालं. मी डोळे मिटून बसले. सरदारजींचा चेहरा दिसत होता, दाढी दिसत होती, आडनाव येत नव्हतं. वह्या आठवत होत्या, निळ्या पुठ्ठ्याच्या, आणि त्या पाण्याखाली होत्या.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "मी वह्या बुडवल्या."

"तुमचं नाही जी," ते डिस्कवरचे नंबर पाहत म्हणाले. "एका दिवशी बनले, एका खोक्यात आले, एका दिवसापासून बरोबर चालले. एक थकला तेव्हा दुसरा बी थकला होता. बैल कुठं एका दिवशी मरतात? हे यंत्र आहे. श्यामसुंदर देऊन राहिला होता वेगळ्या खोक्यातल्या. मीच नाही म्हटलं."

मग त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. दोन्ही डिस्क काढून त्यांनी टेबलावर शेजारी ठेवल्या. डाव्याला नाकाशी धरून हुंगलं. उलटा केला. पोटाशी हिरवी पट्टी असते, डिस्कचं स्वतःचं कार्ड, तिच्यावर एक काळा डाग होता.

"याचं कार्ड जळलं," ते हळूहळू, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "आतली चकती चांगली असन. अन् याची," उजव्यावर बोट ठेवून, "आतली सुई गेली, पण कार्ड चांगलं. एकाचं शरीर, एकाचं कार्ड. वेगळ्या लॉटचं असतं तर जुळलं नसतं. हे जुळते. जुळलं पायजे."

"कधी केलंय असं?" मी विचारलं.

"श्यामसुंदरच्या टेबलावर दोनदा पाहिलं. एकदा चाललं."

स्क्रू चांदणीच्या आकाराचे, आणि तसा पेचकस घरात नव्हता. दुकानात जाऊन यायला तास गेला असता. त्यांनी टेलिफोनच्या जुन्या पेटीतला सगळ्यात बारीक पेचकस काढला आणि कानशीनं घासायला बसले. विठोबा दारात उकिडवे बसून होते. बाहेर ऊन रणरणत होतं, कुलर बंद, कारण वीज पुन्हा गेली होती. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर फार तर दीड तास चालणार. कानशीचा तो खरखर आवाज माझ्या दातांत शिरत होता आणि मला किंचाळावंसं वाटत होतं. पण मी उठून विठोबांना पाणी दिलं. ते त्यांनी तसंच हातात धरून ठेवलं.

साडेबाराला उजव्याची हिरवी पट्टी डाव्याच्या पोटाशी बसली. शालिग्रामभाऊंनी ते साधं कार्डही वगळलं, डिस्क थेट कॉम्प्युटरला जोडली, सीडीवरचं लिनक्स चालू केलं. म्हणाले, "आता बोलू नका कोणी." डाव्यानं एक लांब उसासा टाकला आणि फिरायला लागला. एकसारखा फिरत राहिला. टक झाली नाही.

पडद्यावर दोन नावं आली. इंग्रजी अक्षरांत, पण वाचता आली मला. यादी. पुष्पा.

जे येईल ते शालिग्रामभाऊ शेजारी लावलेल्या एका जुन्या छोट्या डिस्कवर उतरवून घेत होते, पण डावा रखडत वाचत होता. एकेक पान येताना थांबत होता, पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होता. शालिग्रामभाऊ हाताची पालथी बाजू त्या डिस्कवर ठेवून ताप पाहत होते. "गरम होऊन राहिली. किती टिकते सांगता येत नाही." पहिलं पान त्यांनी इंदूचं काढलं. दीड मिनिट लागलं, ते मी घड्याळात मोजलं. पाच नावं, पुढे 'चाललं'. मी ती तळहातावर लिहून घेतली, कागद शोधायला वेळ नव्हता.

फोन आतल्या खोलीत होता. उठताना मी म्हटलं, "इंदूचं झालं. आता वहिनींची गाणी घेऊन टाका पटकन."

त्यांनी पडद्यावरून नजर काढली नाही. "अजून एकेचाळीस आहे, ताई."

"अहो, पण..."

"तुम्ही फोन लावा."

मी फोन लावले. पहिले गृहस्थ वारले होते, त्यांच्या मुलानं सांगितलं आणि मी अपराध्यासारखा फोन ठेवला. दुसऱ्यांचा नंबर दुसऱ्याच कुणाला गेलेला. रेल्वेतल्या बाई, त्यांचं नाव अंजनी, बदलून कटनीला गेल्या होत्या. त्यांनी रक्ताचं ऐकलं, किती वाजेपर्यंत ते विचारलं आणि म्हणाल्या, तीनची गाडी धरते. सरदारजींकडे घंटा वाजत राहिली. मी ठेवायची आणि पुन्हा लावायची, सात वेळा. आठव्यांदा त्यांनीच उचलला, झोपेतून उठून. "इंदू बिटिया? बताओ, कहाँ आना है?" त्या क्षणी मला हुंदका आला आणि तो मी फोनच्या तोंडावर हात ठेवून गिळला. ऑपरेटरनं लाइनवर रडू नये, हे आम्हाला शिकवलेलं होतं.

बाहेर आले तेव्हा दोन वाजायला आले होते. विठोबा उभे राहिले. मी दोन बोटं दाखवली. त्यांनी हातातलं पाणी एका घोटात पिऊन टाकलं आणि चपला न घालताच रस्त्यावर निघाले, मग परत येऊन घातल्या. कॉम्प्युटर बंद होता. शालिग्रामभाऊ डिस्कवर ओला पंचा गुंडाळून बसले होते, पण ती फिरत नव्हती.

"आलं सगळं?" मी विचारलं.

"आलं जी. बेचाळीसच्या बेचाळीस."

"आणि वहिनींचं?"

"ते बी आलं," ते म्हणाले. "सगळं आलं. जा तुम्ही आता, रक्तपेढीत पोचा. सरदारजींना रस्ता नाही सापडणार."

मी गेले. अंजनीबाई पाच वाजता स्टेशनवरून थेट आल्या. दोन्ही बाटल्या जुळल्या. बुधवारी सकाळी इंदूला मुलगी झाली, अडीच किलोची. विठोबांनी पेढे आणले, आणि शालिग्रामभाऊंनी एकही न खाता सगळे वाटले. त्यांना गोड चालत नाही असं मला वाटलं.

त्यानंतर त्यांनी कधी जोडी घेतली नाही. एक डिस्क श्यामसुंदरजींकडून घेतली, दुसरी नागपूरहून, वेगळ्या कंपनीची, सहा महिन्यांनी. मी चिडवायची, "काय हा विजोड संसार." ते म्हणायचे, "राहू द्या. भांडतीन, पण एका दिवशी नाही जाणार." दर महिन्याला याद्यांची एक सीडी माझ्या घरी, माझ्या लोखंडी कपाटात. शिवाय मी पुन्हा वही केली आहे. निळ्या पुठ्ठ्याची. वाळवी लागली तर कडुनिंबाचा पाला घालीन, पण नर्मदामैय्याला आता वही मिळणार नाही.

गेल्या वर्षी शालिग्रामभाऊ गेले. तीन दिवसांच्या आजारपणात, कुणाला त्रास न देता. कॉम्प्युटर माझ्याकडे आला. या वयात मीही ते काळ्या पडद्याचं प्रकरण शिकले, कारण तोंडानं 'मला नाही जमत' म्हणायची मला लाज वाटते. त्यातली एक डिस्क जुनी झाली होती, नवी लावायची होती. लावण्याआधी आत काय काय आहे ते पाहू म्हणून मी उघडलं.

यादी. पुष्पा.

मी पुष्पाचं उघडलं. दारं लावून घेतली होती, मला एकटीनं ऐकायचं होतं. अकरा नावं. त्यांनीच दिलेली. एक, सुरुवातीला खोकते. दोन, मागे पाऊस. तीन, मधेच कुकर. चार, ओळ विसरली, हसली. अशी अकरा. तारीख त्या मे महिन्यातल्या मंगळवारची, वेळ दुपारी एक वाजून पंचेचाळीस मिनिटं. आणि प्रत्येक नावापुढे, आत किती आहे ते सांगणारा आकडा, शून्य.

मी कुकरवालं लावून पाहिलं. काही नाही. सगळी लावली. डिस्कनं नावं दिली होती, आवाज द्यायच्या आधी ती गेली होती. एकेचाळीस मुलांची पानं आधी घेतली, म्हणून. आणि मला त्यांनी सांगितलं, सगळं आलं. त्यानंतर आठ वर्षं, प्रत्येक नव्या डिस्कवर, त्यांनी ही अकरा रिकामी नावं बरोबर नेली होती.

मला इतका राग आला की मी त्या रिकाम्या खुर्चीला 'लबाड' म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. मग पदर तोंडाशी धरून बसले, कितीतरी वेळ.

संध्याकाळी मी नवी डिस्क लावली. वेगळ्या दुकानातून आणलेली, वेगळ्या खोक्यातली, दोनदा पारखलेली. आता एकेक करून तिच्यावर सगळं न्यायचं होतं. यादीवर माझं बोट गेलं, आणि मी ते उचललं. म्हटलं, भाऊ, आज घाई नाही. आज कुणी दारात बसलेलं नाही.

या वेळी मी पहिले पुष्पाचं घेतलं. त्याला काहीच वेळ लागला नाही.